अंगठ्याच्या वर काय लिहिलं होतं?

 

बैठकांमध्ये एक प्रश्न मी फार वेळा ऐकते. आजा राबला, बाप राबला, आता आम्ही राबतोय, तरी घर आहे तिथंच का? उत्तरही लगेच मिळतं. कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं दारू, कुणी म्हणतं लग्नात उधळपट्टी. दारू आणि उधळपट्टीने घरं बुडतात हे खरंच आहे. पण ज्या घरात दारूचा थेंब आला नाही, लग्नं साधेपणाने झाली आणि माणसं रात्रंदिवस खपली, ती घरंही वर का आली नाहीत? याचं उत्तर शोधायला आज आपण दीडशे वर्षं मागे जाऊ. लांब कुठे जायचं नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतच जायचं आहे.

सुप्याचा बाजार

बारामती तालुक्यात सुपे नावाचं गाव आहे. तेव्हाही ते बाजारपेठेचं गाव होतं. दुकानदार आणि सावकार तिथे राहत. 12 मे 1875 रोजी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आग लावली गेली. पण जमावाची मुख्य मागणी एकच होती. वह्या बाहेर काढा, कर्जरोखे बाहेर काढा. वह्या आणि रोखे हाती आले की रस्त्यावर त्यांची होळी केली जाई.

हे लोण पुणे जिल्ह्यातून नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेलं. दोन महिन्यांत तीसपेक्षा जास्त गावांत असे प्रकार झाले. सरकारने लष्कर बोलावलं, गावोगाव पोलीस चौक्या बसवल्या. 951 माणसांना अटक झाली. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

दंगा चांगला की वाईट, यावर मी आज बोलणार नाही. कुणाच्या घराला आग लावणं चांगलं नसतंच. मला विचार करायला लावते ती दुसरीच गोष्ट. उपाशी माणूस चालून जातो तेव्हा तो धान्य शोधतो, पैसा शोधतो. ही माणसं कागद का शोधत होती?

कर्ज वाढलं कसं

इंग्रजांचं राज्य आल्यावर आपल्याकडे रयतवारी पद्धत आली. सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेऊ लागलं, तोही रोख. पाऊस पडो न पडो, हप्ता ठरलेला. पीक बुडालं तरी सारा बुडवता येत नसे. मग रोख पैसा आणायचा कुठून? सावकाराकडून. बी-बियाणं, बैल, आजारपण, लग्न यांसाठी तर सावकार होताच, आता सरकारी साऱ्यासाठीही तोच.

त्यातच 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली आणि इथे भाव चढले. मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा देऊ लागले, सावकार शेतकऱ्याला. एरवी दहा रुपयांसाठी खेटे घालायला लावणारा सावकार कापसाच्या एकरामागे शंभर रुपये उचल द्यायला तयार झाला. पैसा घरापर्यंत चालत आला. थोड्या लोकांचं त्यातून भलं झालं, पण बहुतेकांच्या डोक्यावर कर्जच चढलं.

1865 मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा इंग्लंडला जाऊ लागला आणि आपल्या कापसाचे भाव पडले. सावकारांनी हात आखडला, जुनं कर्ज मागायला सुरुवात केली. नेमक्या याच सुमाराला सरकारने तीस वर्षांची मुदत संपल्याचं सांगून नवा सारा लावला. काही ठिकाणी तो दीडपट, काही ठिकाणी थेट दुप्पट झाला. उत्पन्न खाली आणि देणं वर, अशा दोन्ही बाजूंनी शेतकरी चेपला गेला.

यात शेतकऱ्याचा आळस कुठे होता? त्याची उधळपट्टी कुठे होती? साता समुद्रापलीकडे लढाई सुरू झाली, संपली, आणि शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्याचं घर त्यात सापडलं.

कागदाची करामत

आता मूळ मुद्द्यावर येऊ. सावकारी पूर्वीही होती. पण पूर्वी सावकाराला गावात राहायचं, गावाच्या मर्जीने वसुली करायची, म्हणून काही रीत पाळावी लागे. त्यातली एक रीत म्हणजे दामदुपट. व्याज कितीही वर्षं चढलं तरी मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. शंभर दिले तर जास्तीत जास्त दोनशे मागायचे, त्यापुढे नाही.

नव्या राज्यात कोर्टं आली. कोर्ट रीत विचारत नसे, कागद विचारत असे. कागदावर काय लिहिलंय आणि खाली अंगठा कुणाचा आहे, एवढंच पाहिलं जाई. कागद लिहिणारा एक, वाचणारा एक आणि अंगठा उठवणारा तिसराच.

1859 मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. कायदा रयतेच्या भल्यासाठी होता, पण त्याचा उपयोग सावकारांनी आपल्या सोयीने केला. तीन वर्षं होत आली की शेतकऱ्याला बोलवायचं आणि नवा रोखा करून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि त्यावरचं व्याज मिळून जो आकडा होईल तो नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहायचा. मग त्या सगळ्यावर पुन्हा व्याज.

हा हिशेब आपण आपल्या वहीत मांडून पाहू. कुणाही एकाचा हा हिशेब नाही, फक्त समजण्यासाठी घेतलेला आहे. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने 100 रुपये घेतले. वर्षाचे 24, तीन वर्षांचे 72. तीन वर्षांनी 172 रुपयांचा नवा रोखा झाला. आणखी तीन वर्षांनी तो 295 रुपये 84 पैशांचा झाला. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ 509 रुपये. सरळ व्याजाने नऊ वर्षांत 316 झाले असते. दामदुपटीने 200 च्या वर एक पैसा गेला नसता. हाती आले होते फक्त शंभर, आणि नातवाच्या बारशाला पाचशेचं देणं!

मधल्या काळात शेतकरी काही देतच नव्हता असं समजू नका. तो देत होता. सुगीत खळ्यावरून धान्य उचललं जाई, तेही पडत्या भावाने. पण पावती मिळत नसे. पावती नाही म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने दिलंच नाही. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याच्यापुढे रयतेने हीच गाऱ्हाणी मांडली. पावती देत नाहीत, खोटे आकडे लिहितात, काय लिहिलंय ते न सांगता अंगठा घेतात.

त्या काळच्या कागदपत्रांत 1873 सालच्या एका खताची नोंद आहे. एका शेतकऱ्याने कर्जापोटी आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले. आणि त्याच दिवशी, त्याच गाड्या आणि तेच बैल महिना चार रुपये भाड्याने परत घेतले! वर असंही लिहून दिलं की भाड्याची पावती सावकाराच्या हातची असेल तरच भाडं दिलं असं धरायचं. पावती नसेल तर मी भाडं दिल्याचं म्हणणार नाही. बैल गोठ्यात तेच, वैरण घालणारी घरची बाई तीच. पण कागदावर आता ते भाड्याचे.

म्हणून सुप्याला आलेली माणसं कागद शोधत होती. आपल्याला खाली दाबून ठेवणारं वजन कशात आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. फक्त ते वजन कमी करायचा दुसरा मार्ग त्यांच्या हाती नव्हता. कारण कागद वाचताच येत नव्हता.

कायदा आला, पळवाटाही आल्या

आयोगाचा अहवाल आला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यातल्या काही तरतुदी ऐका. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. कोर्टाने नुसता शेवटचा रोखा पाहायचा नाही, मूळ कर्ज किती होतं, काय दिलं, काय राहिलं हा सगळा इतिहास तपासायचा. खत करायचं तर ते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायचं. आणि शेतकऱ्याला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क असेल.

पासबुक! मैत्रिणींनो, आपण ज्या पासबुकाला पिशवीच्या तळाशी, आधार कार्डाच्या मागे खुपसून ठेवतो, त्याच्या हक्कामागे 951 माणसांची अटक आहे.

या कायद्याने फायदा झाला का? काही झाला. तुरुंगाची भीती गेली, कोर्टात निदान विचारपूस होऊ लागली. पण सावकारांनी नवी वाट काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून मागू लागले. 'पैसे फेडलेस की जमीन परत देईन,' हे फक्त तोंडी. कागदावर मात्र विक्री. पुढे या पळवाटेसाठीही कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याला गहाण ठेवायला काय होतं? स्वतःचं अंग. उचल घ्यायची आणि सालगडी म्हणून वर्षभर राबून फेडायची. वर्ष संपलं की पुन्हा उचल, पुन्हा वर्ष. सालगड्याचा मुलगा गुरांमागे जाई, शाळेत नाही.

शाळा हीच पायरी

इथे महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांची गोष्ट येते. त्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली हे आपल्याला माहीत आहे. पण 1855 मध्ये त्यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, हे कमी सांगितलं जातं. दंग्यांनंतर लगेचच, 1876 ते 1878 मध्ये, मोठा दुष्काळ पडला. 1877 मध्ये सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाने माणसांची, जनावरांची झालेली दैना आणि त्याचा फायदा घेणारे सावकार, या दोन्हींचा उल्लेख आहे.

1882 मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला. जोतीरावांनी त्याला सांगितलं की सरकारी तिजोरीतला बराचसा पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आहे, पण त्यातून शिक्षण मिळतं ते वरच्या वर्गाच्या मुलांना. खेड्यातलं प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं.

त्यांचा मुद्दा साधा होता. कचेरीत कारकून कोण? शिकलेल्याचा मुलगा. कोर्टात वकील कोण? शिकलेल्याचा मुलगा. शेतकऱ्याच्या पैशाने शाळा, त्या शाळेतून कारकून, आणि त्या कारकुनापुढे शेतकरी हात जोडून उभा. एका पिढीचं न शिकणं पुढच्या पिढीला कर्ज होऊन मिळतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही गोष्ट ओळखली. 1902 मध्ये त्यांनी मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. वसतिगृहं काढली. कारण नुसती शाळा काढून भागत नाही. गावाकडच्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. ती नसेल तर हुशारी घरीच राहते. आजही मुलीला बारावीनंतर कॉलेजला पाठवताना फी किती, यापेक्षा ती राहणार कुठे, एसटी किती वाजता सुटते, हाच प्रश्न आधी येतो ना?

शिडी आली, पण कुणाच्या दाराशी?

1904 मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. सावकाराऐवजी आपणच एकमेकांना कर्ज द्यायचं, ही कल्पना. ज्या नगर जिल्ह्यात वह्या जळाल्या होत्या, तिथेच लोणीला 1923 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी पतपेढी काढली आणि पुढे 1950 च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वह्या जाळण्यापासून स्वतःची वही लिहिण्यापर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. त्याने हजारो घरं वर आली, हे मान्य करायलाच हवं.

पण वर कोण आलं? ज्याच्या नावावर जमीन, तो सभासद. ज्याचा ऊस, त्याची मोळी. ऊस तोडणारी जोडपी आजही मुकादमाकडून उचल घेऊनच कोयता धरतात. आणि जमीनवाल्याच्या घरातही, खुरपणी-कापणी करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून तिचं नाव पतपेढीतही नव्हतं. शिडी गावात आली, पण तिची खालची पायरी सातबाऱ्याच्या उंचीवर होती. ज्यांचा हात तिथवर पोचत नव्हता, ते खालीच राहिले.

आपलं नाव त्या कागदांवर यायला फार वेळ लागला. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला तो 1994 च्या कायद्याने, आणि साऱ्या देशात 2005 मध्ये. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे आपलं माविम स्थापन झालं 24 फेब्रुवारी 1975 रोजी. सुप्याच्या दंग्याला तेव्हा शंभर वर्षं होत आली होती. 1992 मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. जमीन नाही, दागिना नाही, तारण नाही, तरी दहा-बारा बायकांच्या शब्दावर आणि त्यांच्या लिहिलेल्या वहीवर बँक कर्ज देऊ लागली. आधी कर्ज कधी जमिनीवर मिळे, कधी अंगावर. आता ते नीट ठेवलेल्या हिशेबावर मिळू लागलं.

आजचा रोखा

मग आता सगळं ठीक झालं का? ते तुम्हीच पाहा.

गावात गाडीवरून येणारा वसुलीवाला आता ओळखीचा झाला आहे. घरबसल्या कर्ज मिळतं, कागद कमी लागतात, सही झाली की पैसे खात्यात. माझ्या कामाच्या भागातल्या एका ताईंनी शेळ्यांसाठी पहिलं कर्ज घेतलं. मुलाच्या आजारपणात हप्ता थकला, तो भरायला दुसऱ्या ठिकाणचं कर्ज घेतलं. दुसऱ्याचे हप्ते भरायला तिसरं. आम्ही बैठकीत तिन्ही कार्डं समोर ठेवून बेरीज केली तेव्हा त्या म्हणाल्या, 'शेळ्या तर मागच्याच वर्षी विकल्या.' शेळ्या गेल्या, कर्ज राहिलं. मला तो तीन वर्षांचा रोखाच आठवला. जुनं देणं नव्या कागदात मुद्दल होऊन बसतं, आणि आपण म्हणतो, 'नवीन कर्ज मंजूर झालं!'

कर्ज वाईट नाही. बियाण्याला, शिलाई मशीनला, मुलीच्या नर्सिंगच्या फीला घेतलेलं कर्ज घराला एक पायरी वर नेऊ शकतं. पण आधीच्या कर्जाचा हप्ता भरायला घेतलेलं कर्ज पायरी चढवत नाही, ते एक पायरी काढून घेतं. त्या ताईंनी गटातून कमी व्याजाने कर्ज घेऊन सगळ्यात महाग कर्ज आधी मिटवलं. बाकीचं अजून फेडत आहेत. कामाला वेळ लागेल, पण आता किती राहिलं हे त्यांना तोंडपाठ आहे.

आणि खाजगी सावकारीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकाची कचेरी असते, तिथे विचारा. एकटीने जायला भीती वाटली तर गटाने जा.

आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं हिशेबाच्या नोंदी. पहिली चार सूत्रं आपण मनापासून पाळतो. पाचवं मात्र सचिवावर किंवा शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीवर सोडून देतो. सगळा इतिहास ऐकल्यावर माझं म्हणणं एवढंच आहे की पाचवं सूत्र हे पहिलं समजा. जी वही लिहिते तिच्यावर विश्वास जरूर ठेवा, पण वही प्रत्येकीने वाचायची. वाचता येत नसेल तर बैठकीत मोठ्याने वाचून घ्यायची. हे संशयाने करायचं नाही, सवयीने करायचं.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. पहिलं, प्रत्येकीने आपल्या सगळ्या कर्जांची कार्डं आणि पासबुकं आणायची. मूळ किती घेतलं, आजवर किती भरलं, किती राहिलं, या तीन रकान्यांत लिहायचं. दुसरं, घराचा नमुना आठ आणि शेताचा सातबारा काढून त्यावर आपलं नाव आहे का ते पाहायचं. नसेल तर घरात विषय काढायचा. नवऱ्याच्या संमतीने लक्ष्मी मुक्ती योजनेतून बायकोचं नाव लावता येतं, त्यासाठी तलाठी कार्यालयात चौकशी करायची. तिसरं, गटात ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडे ओळखायला कोण शिकवणार, तिचं नाव ठरवायचं आणि ठरावाच्या वहीत लिहायचं.

सुप्याला जमलेल्या माणसांपैकी फार थोड्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या बायकांची तर एकाही कागदावर नाहीत. पण तो अंगठा ज्या हाताचा होता, त्याच्या घरात चूल पेटवणारी, बैलाला वैरण घालणारी, सुगीचं धान्य खळ्यावरून जाताना पाहत उभी राहिलेली बाई होतीच. त्या कागदात काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही. आपल्याला निदान वाचून घेता येतं. तेव्हा सही करण्याआधी वाचा, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.